सोपी करायची म्हटली तर सोपी

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठंही “मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे” म्हटलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं. “मजा आहे बुवा तुमची! उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, पाचला घरी.” वाद घालायला जावं तर कायदाच त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं धरलंय. भागाकार केला की दिवसाला चार तास. त्याच अनुसूचीत शिक्षकासाठी तयारी धरून आठवड्याला किमान 45 तास लिहिलेत, पण ती ओळ पंगतीपर्यंत पोचत नाही.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, एका वस्तीवर. द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, मुख्याध्यापकाचा पदभारही त्यांच्याकडेच. तिसरी-चौथी माझ्याकडे. दिवाळी झालीय, साखर कारखान्यांची धुराडी पेटलीत, तेव्हाचा हा एक दिवस.

सकाळी 6:00

भाकरी थापताना फोन वाजतो. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश: ‘अत्यंत तातडीचे. आधार न जुळलेल्या विद्यार्थ्यांची माहिती आज दुपारी बारापर्यंत लिंकवर भरावी.’ हीच माहिती मागच्या महिन्यात भरली होती, आता रकाने बदललेत. खाली अंगठ्यांची रांग लागलेली. मीही अंगठा देते आणि भाकरी उलटते.

पिशवीत डब्याशेजारी रात्री कापलेल्या शब्दपट्ट्या आणि तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून.

8:45

स्कूटीवरून वस्तीकडे. शिक्षकानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे आणि त्यावरून दरवर्षी घरभाडे भत्त्याचा वाद पेटतो. वस्तीवर भाड्यानं द्यायला खोली असेल तर ना! जी घरं आहेत त्यांना आता कुलपं लागलीत, माणसं ऊसतोडीला निघालीत.

घाटात ट्रॅक्टर समोरून येतो. ट्रॉलीत पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी करायचे बांबू, पातेली, एक शेळी, वर माणसं. मी नकळत पोरांचे चेहरे बघते, आपलं कुणी आहे का. दोघं दिसतात. त्यांनी हात केला. मीही केला. आता ती मार्च-एप्रिलला भेटणार.

9:40

शाळेला शिपाई नसतो. आधी आलेली चौथीची पोरं आणि मी मिळून वर्ग झाडतो, पिण्याच्या पाण्याचा ड्रम भरून घेतो. मग फळ्यावर तारीख, पट, हजर.

10:00

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. उद्देशिका आज चौथीतली एक मुलगी सांगते, न अडखळता. तिला त्यातला प्रत्येक शब्द कळतो असं नाही, पण सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्यानं बोलायची भीड मोडते ती इथंच. परिपाठ हा दिवसाचा खरोखर सोपा भाग. मुलांना तो पाठ आहे. शिक्षकानं नुसतं उभं राहिलं तरी चालतं.

10:30

हजेरी. शाळेचा पट 46, आज हजर 31. गैरहजरांत आजारी कोण, शेतात कोण आणि उसाच्या फडावर कोण, हे कॅटलॉगात वेगळं दिसत नाही. गेलेल्यांना शिक्षण हमी पत्रक दिलंय, म्हणजे ऊसतोडीच्या गावातल्या शाळेनं त्यांना बसवून घ्यावं. काहींना बसवून घेतातही. पण फड हलला की शाळा हलते. जी पोरं आजी-आजोबांपाशी मागं राहिलीत, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहातून सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. त्यांची हजेरी निराळी, नोंदवही निराळी.

10:50

भाषेचा तास. दोन इयत्ता, एक खोली, एक बाई. चौथीला उतारा वाचून पाच प्रश्न स्वतः तयार करायला दिलेत. तिसरीला गटात शब्दपट्ट्या.

माझ्याजवळ तिसरीतला एक मुलगा बसलाय. मागचे दोन हिवाळे तो आईबापाबरोबर फडावर होता. यंदा आजीपाशी राहिलाय. अक्षरं त्याला सगळी येतात, शब्द येत नाही. पट्टीवर चित्र आणि खाली ‘मगर’.

“म. ग. र.” तो बोट ठेवत म्हणतो. मग चित्राकडं बघतो आणि ठणकावून सांगतो, “सुसर!”

त्याचं चुकलं कुठं? आमच्याकडं सुसरच म्हणतात. त्याचं डोकं चालतंय, पण ते चित्रावर चालतंय, अक्षरांवर नाही. मी चित्रावर तळहात ठेवते.

“आता वाच.”

“मअ… गअ… रअ.”

इथंच अडतं. अक्षर शिकवताना आपण ‘र’ पूर्ण म्हणतो, शब्दाच्या शेवटी बोलताना मात्र तोडतो. ‘मअगअरअ’ असं कोणी बोलत नाही, म्हणून हे आपल्या ओळखीचं काही आहे असं पोराच्या कानाला वाटतच नाही. त्याला मी अक्षरं ओढू देत नाही. “शेवटचं लांबवू नको. भरभर म्हण. म-ग-र.”

“मग… मगर.” तो थांबतो. माझा हात अजून चित्रावर आहे. “मगर! म्हंजी सुसर!”

पुढची पट्टी ‘गवत’. चित्र नाही. वेळ लागतो, पण येतं. ‘वजन’ला पुन्हा अडतो, पुन्हा येतं.

याला दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्यात चौथीत खोडरबरावरून भांडण झालं, दोघांचे प्रश्न लिहून संपले आणि एकीला पाणी प्यायला जायचं होतं. तिकडं पाहिलं असतं तर इकडं ‘रअ’च राहिलं असतं. सोपा मार्ग समोरच होता. फळ्यावर धडा लिहायचा, “उतरवून घ्या” म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं. वर्ग शांत, वह्या भरलेल्या, अक्षरही सुंदर. हा मुलगा फळ्यावरचं हुबेहूब उतरवतो. वाचता न येता दोन वह्या भरल्यात त्यानं.

12:00

फोन. लिंक भरली का? भरली नाही. नेटची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. मी मोबाईल घेऊन टाकीपाशी उभी, एक डोळा वर्गावर. कुठं आधारवरचं आडनाव आणि जनरल रजिस्टरातलं आडनाव जुळत नाही, कुठं जन्मतारीख 1 जानेवारी.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नये. पण माहिती भरणं हे मुलांचंच काम, म्हणजे शैक्षणिकच! एक-एक रकाना पाहिला तर खरंच क्षुल्लक. त्यानं थकवा येत नाही, तुटकपणा येतो. वाचनाचा धागा हाताला लागलेला असतो आणि तो नेमका तेव्हाच सोडावा लागतो.

1:15

खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, हे प्रमाण ठरलेलं. 31 हजर म्हणजे 3 किलो 100 ग्रॅम तांदूळ, साठा नोंदवहीत तेवढाच कमी. ताटं वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, चव नोंदवहीत सही करायची, आकडा ॲपवर टाकायचा.

“मॅडम, मीठ बराबर हाय का?” स्वयंपाकाच्या मावशी विचारतात.

“बरोबर आहे मावशी. डाळ जरा खाली बसलीय, ढवळून वाढा.”

मुलं जेवतात तेव्हा सर आणि मी डबे उघडतो. सरांच्या डब्याशेजारी टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं गाईड. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायचीय. सरांची नोकरी पंचविशीत आलीय. बालमानसशास्त्राची व्याख्या पाठ करता करता ते उठतात आणि पहिलीतल्या एकाचं नाक पुसून येतात.

2:00

गणित. तिसरीला फळ्यावर 52 वजा 27. बहुतेकांचं उत्तर 35. हे उत्तर आळसाचं नाही. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. लहानातून मोठं जात नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून जिथं जे मोठं दिसलं त्यातून लहान काढलं. नियम त्यांनी स्वतः शोधलाय, फक्त चुकीचा आहे. लाल पेनानं फुली मारली तर तो नियम तसाच राहतो.

काड्या काढते. पाच गठ्ठे, दोन सुट्या. एका मुलीला पुढं बोलावते.

“यातून सत्तावीस मला दे. आधी सात सुट्या.”

“दोनच हायेत.”

“मग?”

ती गठ्ठ्यांकडं बघते, माझ्याकडं बघते. “रबर सोडू का मॅडम?”

हाच तो हातचा. तिनं रबर सोडलं, बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, मग दोन गठ्ठे दिले. उरले 25. मागच्या बाकावरचा एक जण न सांगता वहीतलं 35 खोडतो.

चौथीचा एक मात्र सत्तावीस ऐकून 72 लिहितो. आपल्या भाषेत सात आधी ऐकू येतात आणि वीस मागून. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, चर्चा झडल्या. वर्गात मी दोन्ही वापरते. आधी वीस सात, हात बसला की सत्तावीस.

3:20

दारात एक बाप उभा. “मॅडम, उद्या निघायचं हाय. लेकीला संगं न्यावी म्हणतो.”

“दादा, ती चौथीला आहे. इथं राहू द्या. जेवायची सोय आहे.”

“जेवायचं हाय हो. पर रातीचं? म्हातारीला दिसत न्हाई. अन् धाकट्याला कोपीवर कोण बघंल? आम्ही दोघं एक कोयता. बाई पोरापाशी बसली तर कोयता अर्धा व्हतो. मुकादमाची उचल फेडायची कशी?”

याला माझ्याकडं उत्तर नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि तो पुरा राहावा म्हणून घरातली मोठी मुलगी धाकट्याची आई होते. मी मावशीचं घर विचारते, चुलत्याचं विचारते, आज संध्याकाळी आजीशी बोलायला येते म्हणते. तो “बघतो” म्हणून जातो. थंडीत पहाटेपासून वाकून ऊस तोडणाऱ्या माणसासमोर ‘माझं काम कष्टाचं आहे’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. महिन्याला पगार, डोक्यावर पत्रा, पायाखाली फरशी. या हिशोबात माझी नोकरी सोपीच आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय पुढचं काही बोलू नये.

4:00

कवायत, लंगडी, मग शेवटचा अर्धा तास वाचनाचा. सकाळचा मुलगा स्वतः होऊन पट्ट्या घेऊन दुसऱ्याला दाखवतोय, चित्रावर हात ठेवून. पाचला घंटा.

5:30

मी या भागाची बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही आहे. मतदार यादीचं काम निवडणुकीत मोडतं, कायद्याला ते मान्य. चार घरं फिरते, दोन बंद. एक मयताचं नाव कमी करायचं, एक सुनेचं नाव घालायचं. त्याच फेरीत त्या मुलीच्या आजीकडं. म्हातारी म्हणते, “राहू दे तिला. मला दिसत न्हाई, पर तिला तर दिसतंय.” शेजारची चुलती रात्री झोपायला येईन म्हणाली. पक्कं सकाळीच कळेल.

रात्री 9:00

वह्या, उद्याचं टाचण, मूल्यमापनाच्या नोंदी. वर्षातून एक-दोनदा तपासणी होते. टाचण पूर्ण, नोंदी अद्ययावत, साठा जुळतो, शेरा चांगला. दिवसभर फळ्यावरून उतरवून घ्यायला लावणाऱ्या शिक्षकाची कागदपत्रंही अशीच पूर्ण असतात, उलट जास्तच टापटीप, कारण त्याला वेळ मिळतो. त्यालाही तोच शेरा, तोच पगार, तीच सुट्टी.

म्हणून ही नोकरी सोपी की अवघड, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. ती सोपी करायची मुभा रोज, दर तासाला मिळते, आणि घेतली तर कुणाला पत्ता लागत नाही. कोयता टाकून बसलेल्याचा ऊस उभा दिसतो. आमच्याकडं न शिकवलेलं लगेच दिसत नाही. ते दिसतं पाचवीला, मूल मोठ्या गावच्या शाळेत गेल्यावर. तिथल्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच कळतं, कुणाच्या वह्या नुसत्या भरल्या होत्या आणि कुणाला वाचायला शिकवलं होतं. तोवर माझी बदलीही झालेली असेल. लोक सोपं-अवघड ठरवतात ते कामावरून. मला अवघड वाटतं ते कुणी बघत नसताना रोज नव्यानं सोपा मार्ग सोडणं.

उद्याच्या टाचणात तिसरीसाठी लिहिते: काना नसलेले तीन अक्षरी शब्द, चित्राविना. चौथीच्या यादीत त्या मुलीचं नाव हजर धरूनच गट पाडते.