हत्यारांची पेटी : नव्या कारागिराचे पहिले भांडवल

पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, दूध डेअरीकडे निघालेली मोटारसायकल वाटेत अडली किंवा विहिरीवरचे डिझेल इंजिन सुरू होईनासे झाले, म्हणजे यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराची किंमत कळते. अशा वेळी तास दोन तासांचा विलंबही शेतकऱ्याला महाग पडतो. या विलंबाचे कारण पुष्कळदा यंत्रातील बिघाड हे नसते. कारागिराला हवा असलेला पाना वेळेवर सापडत नाही, हे असते. बिघाड ओळखण्याचे ज्ञान अनुभवाने वाढते. परंतु हत्यारे जागच्या जागी ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी बाणवता येते. त्यासाठी जादा भांडवल लागत नाही.

पाणीगेट आणि बडोद्याची परंपरा

बडोदे म्हणजे आजचे वडोदरा. या शहराच्या जुन्या वस्तीला चार दरवाजे आहेत : पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट आणि पूर्वेस पाणीगेट. मध्यभागी मांडवी आहे. पाणीगेटमधून बाहेर पडले की वाघोडिया आणि आजवा या दिशांकडे जाणारे रस्ते लागतात. पूर्वेकडील खेड्यांचा शहराशी येण्याजाण्याचा मार्ग हाच. अशा वर्दळीच्या नाक्यांवर वाहनदुरुस्तीच्या धंद्याला वाव असतो, आणि खेड्यातून आलेला होतकरू तरुण आपली पहिली हत्यारपेटी घेऊन उभा राहतो तोही अशाच ठिकाणी. जुन्या शहराची ही रचना हत्यारपेटीलाही लागू पडते. चार दिशा आणि मध्य ठरलेला असला, म्हणजे परक्या माणसालाही वाट विचारावी लागत नाही.

हाताच्या कामाला प्रतिष्ठा देण्याचे कार्य या शहरात फार पूर्वी सुरू झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत १८९० साली येथे कलाभवनाची स्थापना झाली. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख. उद्योगधंद्यांचे ज्ञान लोकांना त्यांच्या मातृभाषेतून मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखले गेलेले दादासाहेब फाळके यांनीही कलाभवनात शिक्षण घेतले. हीच संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्या व अभियांत्रिकी विद्याशाखेत रूपांतरित झाली. याच संस्थानात डभोई ते मियागाम या मार्गावर १८६२ साली बैलांनी ओढलेली अरुंद मापाची आगगाडी धावली. अशा प्रदेशात यंत्र आणि हत्यार यांविषयी आस्था निर्माण झाली यात नवल नाही. आज गोरवा व तरसाली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून तरुणांना व्यवसायशिक्षण मिळते. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० साली सुरू झाली, तर शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा १९६१ साली संमत झाला.

पेटी घेताना

नव्या कारागिराने प्रथम हत्यारे थोडी आणि चांगली घ्यावीत. स्वस्त पान्याचा जबडा लवकर पसरतो, नटाचे कोपरे घासले जातात आणि ग्राहकाचे नुकसान होते. एकदा नटाचे कोपरे गोल झाले की तो उघडण्यासाठी छिन्नी लावावी लागते. पाच रुपयांचे काम पन्नास रुपयांचे होते ते असे.

पेटी पत्र्याची, पाच कप्प्यांची असावी. झाकण दोन्ही बाजूंना उघडताच वरचे लहान कप्पे पसरून समोर येतात आणि तळाचा मोठा कप्पा मोकळा राहतो. पेटी फार मोठी नसावी. भरलेली पेटी एका माणसाला सहज उचलता आली पाहिजे, कारण खेडेगावात कारागीर यंत्राकडे जातो. यंत्र कारागिराकडे येते असे नाही.

पान्यांची मापे : गोंधळाचे मूळ

हत्यारांत सर्वाधिक संख्या पान्यांची असते, म्हणून गोंधळही तेथेच होतो. पान्यावरील आकडा नटाच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर मिलिमीटरमध्ये दाखवितो. आठ पान्यांच्या प्रचलित संचात ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २०-२२ अशी मापे असतात. म्हणजे आठ पान्यांत सोळा मापे मिळतात. दुचाकी वाहनांवर त्यांतील ८, १०, १२, १४ व १७ ही मापे वारंवार लागतात. हे पाने सर्वांत जवळ, हात घालताच मिळतील असे असावेत.

दोन्ही तोंडे उघडी असलेला फिक्स पाना आणि गोल तोंडाचा रिंग पाना यांचे काम वेगवेगळे आहे. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू पकडतो, तर रिंग पाना सर्व कोपरे धरतो. म्हणून घट्ट बसलेला नट प्रथम रिंग पान्याने सैल करावा आणि मग फिक्स पान्याने झटपट फिरवून काढावा. हे दोन्ही संच एकाच माळेत मिसळू नयेत. प्रत्येक संच आकड्यांच्या क्रमाने, लहानाकडून मोठ्याकडे लावावा. असे केल्यास रिकामी राहिलेली जागाच सांगते की कोणता पाना हरवला आहे.

जुने ट्रॅक्टर आणि काही जुनी वाहने यांवर इंचाची मापे असतात. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी त्यापूर्वीच्या रचनेवर आधारलेली यंत्रे पुढे अनेक वर्षे चालत राहिली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ क्रमांकाचा पाना बसतो, परंतु थोडा सैल राहतो आणि जोर लावताच निसटतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९ क्रमांकाचा पाना बहुधा चालून जातो. नऊ सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, तेथे १४ चा पाना शिरत नाही आणि १५ चा सैल पडतो. म्हणून इंचाचे पाने ठेवायचे असल्यास ते वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावेत आणि त्यांवर लाल रंगाचा पट्टा द्यावा. मेट्रिक पान्यांना पांढरा पट्टा पुरे.

कप्प्यांची मांडणी

हत्यारे कोठे ठेवावीत, याचा नियम साधा आहे. जे वारंवार लागते ते वर, जे जड ते तळाशी, जे नाजूक ते वेगळे.

वरच्या एका कप्प्यात नेहमीचे पाने, सपाट व चौफुलीच्या तोंडाचे दोन पेचकस आणि पक्कड ठेवावी. दुसऱ्या वरच्या कप्प्यात मोजमापाची व नाजूक साधने असावीत : टॅपेटमधील फट पाहण्याचे फीलर गेज, टायरमधील हवा मोजण्याचे मापक, विजेचा टेस्टर आणि एलन चाव्या. ही साधने हातोडीखाली सापडली तर त्यांचा उपयोग संपतो.

मधल्या दोन कप्प्यांत रिंग पाने, गोटी पान्यांचा संच आणि स्पार्क प्लगचा पाना ठेवावा. गोट्या सुट्या टाकू नयेत. त्यांच्या मूळ डब्यातील खाचेतच त्या बसवाव्यात. कारागिराकडे टॉर्क पाना असल्यास तो याच ठिकाणी, वापरानंतर सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा. नाहीतर त्यातील स्प्रिंग ताणाखाली राहते आणि मापात फरक पडतो.

तळाच्या मोठ्या कप्प्यात हातोडी, छिन्नी, पंच, करवत व ग्रीस गन ठेवावी. कानस मात्र कापडात गुंडाळून ठेवावी. कानशीचे दात इतर लोखंडावर घासले की बोथट होतात, आणि बोथट कानस म्हणजे निव्वळ लोखंडाची पट्टी. मूठ नसलेली कानस कधीही वापरू नये. तिचे टोकदार शेपूट तळहातात घुसते. छिन्नीचे डोके हातोडीच्या माराने छत्रीसारखे पसरले असेल तर ते घासून नीट करावे, कारण त्यातून उडालेली कपची डोळ्याला इजा करू शकते.

बॅटरीचे काम करताना धातूचा पाना बॅटरीवर टेकवून ठेवणे धोक्याचे आहे. दोन्ही टोकांना एकाच वेळी पाना लागल्यास मोठा विद्युत्प्रवाह वाहून ठिणगी उडते. म्हणून ऋण टोकाची तार प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. अलीकडे विजेवर चालणारी वाहनेही खेड्यापर्यंत पोहोचू लागली आहेत. त्यांतील उच्च दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. विशेष प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना हात लावू नये. अशा कामासाठी लागणारी विद्युत्‌रोधक हत्यारे तेलकट पान्यांपासून दूर, स्वतंत्र ठेवावीत. त्यांच्या वेष्टनाला चीर पडली की ती निरुपयोगी समजावीत.

मोजणी : कामाचा शेवट

मांडणीचा खरा लाभ काम संपल्यावर दिसतो. इंजिनाचे झाकण बसविण्यापूर्वी पेटीतील हत्यारे मोजण्याची सवय प्रत्येक कारागिराने लावून घ्यावी. एखादा पाना किंवा वायसर आत राहून गेल्यास सुरू होताच यंत्राची नासधूस होते. विमानांच्या देखभालीत हाच नियम काटेकोरपणे पाळला जातो. तेथे प्रत्येक हत्याराची आकृती फलकावर काढलेली असते, आणि रिकामी आकृती दिसली की हत्यार सापडेपर्यंत तपास होतो. शस्त्रक्रियेच्या दालनातही परिचारिका उपकरणे मोजतात; जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसृत केलेल्या तपासणी यादीत या मोजणीचा समावेश आहे. जपानी कारखान्यांतून जगभर पसरलेल्या पाच ‘एस’ पद्धतीतील ‘सेइतोन’ या शब्दाचा आशयही हाच आहे : प्रत्येक वस्तूला एक जागा आणि प्रत्येक वस्तू आपल्या जागी.

रस्त्याकडेच्या लहान दुकानातही ही व्यवस्था साध्य होते. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस हत्यारांची यादी चिकटवावी. प्रत्येक नावापुढे संख्या लिहावी. सायंकाळी दुकान बंद करताना यादीशी ताळा पाहावा. शेजाऱ्याला पाना उसना दिल्यास त्याच्या जागी चिठ्ठी किंवा पत्र्याचा तुकडा ठेवावा, म्हणजे हत्यार कोणाकडे आहे याची आठवण राहते आणि मैत्रीतही वितुष्ट येत नाही.

पावसाळ्यातील निगा

जून ते सप्टेंबर या काळात ओल धरून हत्यारे गंजतात. दिवसाअखेर पाने कोरड्या फडक्याने पुसून त्यांवर तेलाचा पातळ हात फिरवावा. मात्र मुठी कोरड्याच राहू द्याव्यात. तेलकट मूठ निसटली की हाताला जखम होते. ओल्या व तेलकट चिंध्या पेटीत साठवू नयेत. त्या ओल धरतात आणि ठिणगी लागली तर पेट घेतात.

शिक्षक, अधिकारी आणि पालक यांचे कर्तव्य

हत्यारपेटीची ही शिस्त प्रशिक्षण संस्थेत एक तासाचा पाठ देऊन येत नाही. ती कामातून अंगवळणी पडते. ग्रामीण शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला विद्यार्थ्यांनी शाळेतील विळे, पहारी, पक्कडी व हातोड्या यांची जागा ठरविली, त्यांची आकृती भिंतीवर काढली आणि शनिवारी मोजणी केली, तर त्यांना पुढील आयुष्यात याचा उपयोग होईल. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची हत्यारे, सहकारी संस्थांच्या ट्रॅक्टरची अवजारे यांनाही हाच नियम लागू आहे. सार्वजनिक मालमत्तेची हत्यारे बहुधा चोरीला जात नाहीत; ती कोणाकडे तरी राहून जातात आणि नोंद नसल्यामुळे विसरली जातात. यादी आणि ठरलेली जागा यांमुळे ही हानी टळते.

हत्यारसंच हा कारागिराच्या उपजीविकेचा आधार आहे, हे तत्त्व आता शासकीय योजनांतही स्वीकारले गेले आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, कुलूप बनविणारे, हातोडी व हत्यारसंच बनविणारे आदी अठरा पारंपरिक व्यवसायांच्या कारागिरांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या हत्यारसंच साहाय्याची तरतूद करण्यात आली. वाहनदुरुस्तीचा व्यवसाय त्या अठरांत नाही. मोटार मेकॅनिकला आपली पेटी स्वतःच्या कमाईतून, एकेक पाना जोडत उभी करावी लागते. म्हणूनच त्यातील प्रत्येक पाना जपणे त्याच्या अधिक हिताचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लहान दुकानातून मोठा उद्योग उभा राहू शकतो, याचे हे मराठी माणसाला परिचित असलेले उदाहरण आहे. प्रत्येक दुकानातून कारखाना निर्माण होईल असे नाही. परंतु ज्याची पेटी उघडताच हवे ते हत्यार हाताला लागते, त्याच्याकडे ग्राहक पुन्हा येतो आणि आपल्या गावच्या माणसालाही त्याच्याकडे पाठवितो. पाणीगेटच्या रस्त्यावर असो की महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी, नव्या कारागिराने आपल्या पेटीत जागा ठरवावी, काम झाल्यावर हत्यार त्या जागी परत ठेवावे आणि रोज मोजणी करावी. ग्राहकाचा विश्वास संपादन करण्याचा याहून कमी खर्चाचा मार्ग त्याला सापडणार नाही.