आईच्या रिटायरमेंटची तारीख काय?

१ जूनला सकाळी मोबाइल उघडून बघा. घरच्या ग्रुपवर काकांचा वाढदिवस, शाळेच्या ग्रुपवर सरांचा, गल्लीच्या ग्रुपवर किराणा दुकानवाल्या मामांचा. केक एकच, फोटो वेगळे! एवढी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. उत्तर सोपं आहे. पूर्वी शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि रजिस्टरला १ जून टाकून द्यायचे. माय म्हणायची, 'परमेश्वराच्या यात्रेत झाला बघा ह्यो.' पण यात्रेची तारीख गुरुजींच्या रकान्यात बसायची नाही. महाशिवरात्रीला जन्मलेलं लेकरू कागदावर जूनमध्ये जन्मायचं.

या अंदाजपंचे तारखेचा हिशोब पुढे अठ्ठावन्न वर्षांनी होतो. ज्याची जन्मतारीख महिन्याची १ असते, तो सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मे. म्हणूनच त्या दिवशी शाल, श्रीफळ, फेटा आणि 'सेवापूर्ती गौरव सोहळा' असं लिहिलेल्या बॅनरचे फोटो स्टेटसला एकामागून एक येत राहतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला साधारण ५८ व्या वर्षी, गट 'ड'मधल्या शिपाई मामांना ६० व्या वर्षी कामातून सुटी मिळते, तीही कायमची.

आता जरा आपल्या हिमायतनगरात फिरून बघा. स्टेशनरोड, बसस्टँड, बाजार, मंदिराचा परिसर आणि मग तुमचं स्वतःचं घर. यातल्या किती माणसांच्या नशिबात तो बॅनर आहे?

गुरुजींचा पहिला सोमवार

ज्यांच्या नशिबात आहे, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. जुन्या पेन्शन योजनेतल्या गुरुजींना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. ग्रॅच्युइटी येते, शिल्लक रजेचे पैसे येतात. पाहिजे तर ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन 'विकता' येते. म्हणजे एकरकमी पैसा हातात आणि पुढची १५ वर्षं पेन्शन कमी. हा पैसा बहुतेक घरात आधीच वाटलेला असतो. मुलीचं लग्न, नांदेडला प्लॉट, धाकट्याची फी.

पैशाचं ठीक आहे, पण सोमवारचं काय? तीस-पस्तीस वर्षं पहाटे उठून, दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून निघालेला माणूस पहिल्या सोमवारीही तसाच तयार होतो. मग आठवतं, जायचं कुठंच नाही. एखादे गुरुजी शेताला लागतात, एखादे हरिपाठाला बसतात, एखादे रोज स्टँडवर येऊन पेपर वाचतात. 'घरी बसून कटाळा येऊलालाय रे' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कंटाळ्यापेक्षा त्यात दुसरंच काहीतरी असतं. काल 'सर' होतो, आज 'माजी' झालो, हे.

आणि दर नोव्हेंबरला एक गंमत असते. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, हे पटवून द्यायचं. आता बोटाचा ठसा घेऊन ऑनलाइनही होतं. पण म्हाताऱ्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या की मशीन ठसा घेत नाही. अशा वेळी रांगेत मागे उभा असलेला नातू लागतो. तो नातू म्हणजे तुम्ही.

स्टिअरिंग सोडल्यावर

हदगावच्या, भोकरच्या एसटीत तुम्ही कॉलेजला आला-गेला असाल. ती गाडी चालवणारे मामाही ५८ ला निवृत्त होतात. खाकी वर्दी बघून सगळ्यांना वाटतं, सरकारी माणूस, पेन्शन असणारच. तसं नाही. एसटी हे महामंडळ आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली ईपीएस-९५ योजनेची पेन्शन मिळते. तिचं सूत्र असं : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. हा पेन्शनपात्र पगार सर्वसाधारणपणे १५ हजारांच्या वर धरला जात नाही. वहीत मांडून बघा. १५ हजार गुणिले ३५ भागिले ७० म्हणजे साडेसात हजार. पस्तीस वर्षं घाटवळणं आणि खड्डे झेलून एवढं. अनेकांची वर्षं कमी भरतात, जुना पगार कमी धरला जातो, त्यामुळे आकडा आणखी खाली येतो. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १ हजार रुपये आहे. ती वाढवा म्हणून बुलडाण्यात या पेन्शनरांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं.

२०२१-२२ मध्ये एसटीचा पाच महिन्यांहून लांबलेला संप तुम्हाला आठवत असेल. तुमची शाळा तेव्हा कोरोनाने आणि संपाने अशी दोन्हीकडून बुडत होती. 'विलीनीकरण' ही मागणी म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कळलं नसेल. सरकारी कर्मचारी झालो तर पगार तसा मिळेल आणि म्हातारपणही तसं मिळेल, हा त्यातला एक मोठा धागा होता.

सातबारा कधी रिटायर होतो?

आता शेताकडे चला. कापूस, सोयाबीन, हळद. इथे ५८ नाही, ६० नाही. शेतकरी बापाची निवृत्ती कोणत्या दिवशी होते? कोणी ऑर्डर काढत नाही. एक दिवस कंबर धरते, मग फवारणीचा पंप पोराच्या पाठीवर जातो. पुढे वाटणी होते, सातबाऱ्यावर नावं चढतात आणि आबांच्या वाट्याला येतं राखणीचं काम. डुकरं-माकडं हाकायची, शेळ्या बघायच्या. म्हणजे काम संपत नाही. अधिकार संपतो, काम उरतं. गुरुजींचं बरोबर उलटं असतं. काम एका दिवसात संपतं, मान बराच काळ उरतो.

छोट्या शेतकऱ्यांसाठी २०१९ मध्ये केंद्राची किसान मानधन योजना आली. १८ ते ४० वयात नाव घालायचं, वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे आणि साठीनंतर महिना ३ हजार घ्यायचे. पण ज्यांची चाळिशी आधीच उलटली होती, त्यांना या दारातून आत जाताच येत नव्हतं. तुमच्या वडिलांचं वय तेव्हा किती होतं, मोजा.

आजीचा पहिला 'पगार'

आता सगळ्यात उलटी गोष्ट. बँकेसमोर पासबुक धरून पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या तुम्ही पाहिल्या आहेत. त्यांना विचारा, 'आजी, कशाला आलात?' उत्तर येतं, 'पगार आलाय का बघायला.' ज्यांनी जन्मात हजेरीपटावर सही केली नाही, त्यांना पगार कसला? तो असतो श्रावणबाळ योजनेचा किंवा निराधारचा. श्रावणबाळ योजनेचं कागदावरचं पूर्ण नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. वय ६५, दारिद्र्यरेषेखालचं नाव किंवा वर्षाला २१ हजारांच्या आतलं उत्पन्न. २०२३ मध्ये रक्कम १ हजारावरून दीड हजार झाली.

सरकार त्याला निवृत्तिवेतन म्हणतं, आजी पगार म्हणते. मला आजीचा शब्द जास्त खरा वाटतो. कारण ती कशातूनही निवृत्त झालेली नाही. निंदणी-वेचणीला जाणं जमत नाही एवढंच. अजून पहाटे उठते, चूल-गॅस बघते, पणतू सांभाळते. गुरुजींचा पगार थांबतो त्या सुमाराला तिचा पहिल्यांदा सुरू होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरात कोणी तिला विचारतं, 'आजी, पैसे आहेत का?'

आणि आई? तिचं तर वयच निघत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. पाच तासांची ड्युटी, रविवार नाही, दिवाळीत ओव्हरटाइम. आई अंगणवाडीत असेल तर तिच्या पैशाला 'वेतन' नाही, 'मानधन' म्हणतात. या एका शब्दापायी पेन्शनची गोष्टच निघत नाही. अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सांगायला गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल द्यावा लागला.

म्हातारपणाला वयाचा आकडा चिकटला तरी कधी? जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, कामगारांच्या वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला. तेव्हाचं वय होतं ७०, ते १९१६ मध्ये ६५ झालं. म्हणजे निवृत्तीचं वय काही देवाने ठरवलेलं नाही. ते कायद्याने ठरतं. कोणाच्या कामाला काम म्हणायचं, हे आधी ठरतं आणि मग कोणाला थांबू द्यायचं, हे.

स्वतःहून थांबणारा

थांबणं स्वतः निवडणारेही असतात. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत १९१६ मध्ये जन्मलेले नानाजी देशमुख १९७७ मध्ये खासदार म्हणून निवडून आले. मंत्रिपद घेतलं नाही. साठी झाली की राजकारण सोडावं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यांनी स्वतः ते सोडलं. पुढची तीस वर्षं उत्तर प्रदेशातल्या गोंडा भागात आणि मग चित्रकूटला शेती, पाणी, शिक्षण यात घालवली. २०१० मध्ये ते गेले, २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. त्यांचं राजकारण पटो न पटो, एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांच्यासाठी निवृत्ती म्हणजे दुसरं काम सुरू करायची मोकळीक होती. पण ही मोकळीक घ्यायला आधी पोटाची काळजी मिटलेली असावी लागते, किंवा संसाराचा भार नसावा लागतो. डोक्यावर पीककर्ज असलेल्या माणसाला 'आता छंद जोपासा' असं सांगणं सोपं, ऐकणं अवघड.

आणि तुम्ही?

तुम्ही म्हणाल, आम्ही वीस वर्षांचे, आम्हाला हे कशाला? सांगतो. तुमच्यातले कितीतरी जण आत्ता पोलीस भरतीसाठी पहाटे पळतायत, तलाठी-एमपीएससीच्या पुस्तकांवर रात्री काढतायत. घरच्यांचं एकच वाक्य असतं : 'एकदा सरकारी लाग बाबा, म्हातारपणाची चिंता मिटली.' त्यांच्या डोळ्यासमोर असतात ते ३१ मेचे गुरुजी. पण राज्यात १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन सरसकट लागू नाही. पगारातून १० टक्के कापून बाजारात गुंतवायचे, सरकारने १४ टक्के घालायचे आणि शेवटी जे जमेल त्यावर पेन्शन, अशी ही व्यवस्था. म्हणून मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेला मान्यता दिली. म्हणजे घरचे ज्या निवृत्तीसाठी तुम्हाला पळवतायत, ती निवृत्तीच मधल्या मध्ये बदलली आहे. फॉर्म भरताना पगाराची श्रेणी बघता, तशी पेन्शनची ओळही वाचा.

भरती नाही झाली तर? पुण्यात कंपनी, हैदराबादला दुकान, बाइकवर पार्सल. तिथे कोणी शाल देणार नाही. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षी शिरलात तर महिना २१० रुपयांत साठीनंतर महिना ५ हजारांची हमी मिळते. महिन्याचा रिचार्जही याहून फार वेगळा नसतो. मात्र डोळे उघडे ठेवा. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर ४२ वर्षांनंतरच्या ५ हजारांत आजच्या साडेचारशेचंही सामान येणार नाही. सुरुवात म्हणून चांगली, पण तेवढ्यावर विसंबू नका.

हिशोब एवढ्यासाठी सांगितला की निवृत्ती ही म्हातारपणी सुचणारी गोष्ट नाही. ती पहिल्या नोकरीच्या कागदावर लिहिलेली असते, किंवा लिहिलेली नसते. आपल्या घरात ज्यांच्या कागदावर ती लिहिली गेली नाही, त्यांची पेन्शन कोण, हे तुम्हालाही माहीत आहे. आरशात बघा.

तर एक छोटं काम करा. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आईला विचारा, 'समज, उद्या तुझी रिटायरमेंट. काय करशील?' आधी ती हसेल. 'येड लागलंय का' म्हणेल. मग भाकरी थापता थापता हळूच काहीतरी बोलेल. माहूरला निवांत जायचं राहिलंय, बहिणीकडे चार दिवस राहायचंय, नुसतं झोपायचंय. जे म्हणेल ते लिहून ठेवा.

तिच्या जन्मतारखेच्या रकान्यातही बहुतेक १ जूनच असेल. ३१ मे गाठायला तेवढं पुरे.