लांबचा रस्ता आणि गाडींतील मंडळी

आमचे धाकटे भाऊजी सुरगाण्यास शिक्षक आहेत. तेथेंच त्यांनीं लहानसें घर बांधलें आणि माघ महिन्यांत वास्तुशांतीस सर्वांनीं यावें, विशेषतः आईनें यावेंच, असा आग्रह धरला. आम्ही पडलों नागपूरकर. नागपुराहून सुरगाणें सुमारें ७०० किलोमीटर. एक गांव महाराष्ट्राच्या पूर्वेकडे, तर दुसरें नाशिक जिल्ह्याच्या अगदीं गुजराथला लागलेल्या कोपऱ्यांत. सासूबाईंचें वय ७८. आगगाडीनें नाशिकपर्यंत जावें, असें मी सुचविलें. परंतु पुढच्या डोंगराळ वाटेला गाडी बदलणें, सामान उतरविणें आणि पुन्हां चढविणें त्यांच्या गुडघ्यांना झेपणारें नव्हतें. शेवटीं घरची सात आसनांची मोटार काढण्याचें ठरलें. ह्यांना रजा मिळाली नाहीं. सासूबाई, थोरले भाऊजी, जाऊबाई, मोटार हांकणारा त्यांचा मुलगा, मी आणि आमचीं दोन मुलें, असे बरोबर सातजण झालों.

पुतण्याचें गणित तयार होतें. समृद्धि महामार्ग एकंदर ७०१ किलोमीटरांचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तो थेट मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा झाला. लहान मोटारींना ताशीं १२० किलोमीटरांची मुभा. "काकू, सकाळीं निघालों तर रात्रीं काकांच्या घरीं जेवूं," असें तो म्हणाला. सासूबाई देवघरांतून म्हणाल्या, "रस्ता एका दिवसाचा असेल रे, पण मी दोन दिवसांची आहे." नाशिकचा मुक्काम त्याच क्षणीं ठरला, आणि किती योग्य ठरला तें दुसरे प्रहरींच कळून आलें.

सिंदखेडराजाच्या सुमारास दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात असें जेवण झालें. जाऊबाई लागल्याच पेंगायला, मुलें कानांत यंत्रें घालून आपापल्या पडद्यांत बुडालेलीं, भाऊजींचा डोळा लागलेला. जागे होते ते फक्त पुतण्या आणि त्याच्या मागच्या आसनावरच्या सासूबाई. त्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. आजीला मोरोपंतांच्या आर्या तोंडपाठ, नातवाला सिनेमाचीं गाणीं. करार असा कीं दोन्ही चालतील. जालना मागें पडलें. नातवावर 'ठ' आला. आजी थांबल्या. "ठ रे, ठ!" उत्तर नाहीं. त्यांना वाटलें, आठवतो आहे. मग त्यांच्या लक्षांत आलें कीं गाडी पांढऱ्या पट्ट्याकडे सरकते आहे. त्यांनीं त्याला लहानपणच्या नांवानें अशी हांक मारली कीं आम्ही सगळेच दचकून उठलों. पुतण्याचे डोळे उघडे होते. पण तो तेथें नव्हता.

पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली. पोर पांढराफटक पडला होता. आदल्या रात्रीं कचेरीचें काम संपवून बारा वाजतां सामान भरलें, चार तास झोप झाली, हें त्यानें आम्हांस तेव्हां सांगितलें. आम्हींही विचारलें नव्हतें. लांबच्या प्रवासाला निघतांना आम्ही चाकांत हवा आहे कीं नाहीं तें पाहतों, तेल पाहतों, देवापुढें नारळ ठेवतों. हांकणारा किती झोपला आहे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

ताशीं १२० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. तीन सेकंद डोळा लागला तर गाडी शंभर मीटर आपली आपण गेली. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस, रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. आणि आपल्याकडील कायद्याची मर्यादा तर ०.०३ टक्क्यांचीच. म्हणजे जो मुलगा सुपारीसुद्धां खात नाहीं, तो केवळ जागरणानें दारुड्याच्या पंक्तीस जाऊन बसतो! शिवाय सरळ, रुंद, एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपी जातें. त्याला 'महामार्गाचें संमोहन' असें नांव आहे आणि समृद्धीच्या अपघातांची चर्चा सुरू झाल्यापासून तें वर्तमानपत्रांतून घरोघर पोंचलें आहे. जुन्या रस्त्यांवर गाय आडवी येई, बैलगाडी येई, गांवचा बाजार लागे. आपण त्यांच्या नांवानें बोटें मोडीत असूं, पण तीं विघ्नें चालकाला जागें ठेवीत होतीं.

पगारी चालकाकरितां २०२५ पर्यंत १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तासांपेक्षां अधिक काम नाहीं आणि सलग पांच तासांच्या आंत निदान अर्ध्या तासाची विश्रांति, असें तो सांगे. घरच्या मुलाला कायदा नाहीं. त्याला आहे तो आत्याबाईंचा, मामंजींचा आणि मुहूर्ताचा धाक. आम्हीं त्या थांब्यावरच आमचा कायदा केला. दर दोन तासांनीं उतरायचें. पुढच्या आसनावर बसणारानें झोपायचें नाहीं. झोप आली तर मागच्या माणसाशीं जागा बदलायची. डोळे जड झाले कीं कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटें पडायचें, कारण कॉफीचा गुण यायला तितका वेळ लागतोच आणि दोन्ही उपाय एकदम लागू पडतात. पुतण्या झोपला, पुढें सिन्नरपर्यंत भाऊजींनीं गाडी नेली.

करमणुकीचा विचार मला येथून पुढें वेगळ्याच रीतीनें सुचूं लागला. प्रवासांत वेळ जावा म्हणून करमणूक, अशी आपली समजूत. पण सातांपैकीं सहाजणांची करमणूक सहा निरनिराळ्या कानांत चालली असली म्हणजे सातवा गाडींत एकटा पडतो. यंत्रावर लावलेलें गाणें किंवा कीर्तन बसणाराला उत्तम. हांकणाराला तें अंगाईसारखें होण्याचा संभव. ज्याला उत्तर द्यावें लागतें अशीच करमणूक चालकाच्या उपयोगाची. आजीला 'ठ' चें उत्तर मिळालें नाहीं म्हणून आम्ही वांचलों. यंत्रानें 'ठ' ची वाट पाहिली नसती.

मुलांचे पडदे मीं हिसकावले नाहींत. तसें केल्यास तीं रडतात आणि रडणारें मूल चालकाला आणखीच घातक. मीं फक्त त्यांच्याहून बरें कांहीं पुढें ठेवण्याचा प्रयत्न केला. थोरली बारा वर्षांची, तिनें गाड्यांच्या पाट्यांवरून जिल्हे ओळखण्याचा खेळ काढला. ३१ नागपूर, ३२ वर्धा, २७ अमरावती, २१ जालना, १५ नाशिक. भाऊजींनीं तिला रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्याची एक गोष्ट सांगायची पैज घेतली. कारंजा आलें तेव्हां श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून सासूबाईंनीं तेथूनच हात जोडले. मेहकरला लोणारच्या उल्केनें झालेल्या सरोवराची गोष्ट. सिंदखेडराजाला जिजाबाईंचें माहेर. पुतण्या मधून मधून चुका काढी. चुका काढणारा माणूस जागा असतो, हें मीं हेरून ठेवलें आणि भाऊजींना डोळ्यांनीं खूण केली. मग ते मुद्दाम दोनचार चुका करूं लागले.

एक गोष्ट लिहूं कीं नको असें वाटतें, पण घरच्या मासिकांत नाहीं लिहायची तर कोठें? सासूबाईंनीं पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत दोन घोटांपेक्षां अधिक पाणी घेतलें नव्हतें. मीं दोनदां विचारलें, दोन्ही वेळां "तहान नाहीं" असें उत्तर. खरें कारण, आपल्यासाठीं गाडी वारंवार थांबवावी लागेल आणि पुरुषमंडळींसमोर तें सांगावें लागेल, हा संकोच. आपल्या घरच्या किती वृद्ध स्त्रिया असा निर्जळी प्रवास करीत असतील! पाणी न घेतल्यानें चक्कर येते, लघवीचा दाह होतो. आणि पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्यानें पोटऱ्यांत रक्त सांकळून गांठ होण्याची भीति म्हातारपणीं अधिक. दर दोन तासांच्या थांब्यानें हा प्रश्न कोणाला कांहीं न सांगतां सुटला. थांबा चालकाचा, त्यांत सासूबाई उतरल्या काय आणि पावलें मोकळीं केलीं काय, कोणाच्या डोळ्यांवर येण्याचें कारण उरलें नाहीं. संध्याकाळीं नाशिकला पोंचेपर्यंत त्यांनीं तांब्याभर पाणी घेतलें होतें.

दशम्यांविषयींही दोन शब्द. पीठ पाण्यांत न भिजवितां दुधांत भिजवायचें, म्हणजे ती भाकरी दोन दिवस मऊ राहते आणि पूर्वीं सोंवळ्याच्या माणसांनाही प्रवासांत चाले. हल्लीं सोंवळें गेलें, पण दशमीचा गुण गेलेला नाहीं. तेलकट कांहीं बरोबर नेऊं नये. आलेपाक मात्र अवश्य न्यावा. त्याचें काम दुसऱ्या दिवशीं पडलें.

सकाळीं नाशकांतून निघतांना सी.बी.एस. चौकावरून गेलों. भाऊजींनीं मुलांना सांगितलें, ६ मार्च २०१८ रोजीं येथून शेतकऱ्यांचा मोर्चा पायीं मुंबईस निघाला. सुमारें १८० किलोमीटर. आणि ज्या सुरगाण्याला आपण चाललों आहों तेथील माणसें त्यांत फार मोठ्या संख्येनें होतीं. शिधा आणि भांडीं बरोबर, मुक्कामाला चुली, आणि दिवसभर उन्हांत चालून पाय फुटले असतांही रात्रीं गाणीं नि नाच. मुंबईंत दहावीच्या परीक्षा होत्या. मुलांना अडचण होऊं नये म्हणून शेवटचा टप्पा ते ११ तारखेच्या रात्रींच चालून गेले आणि १२ ला पहांटे आझाद मैदानांत पोंचले. मोर्च्याच्या राजकारणाविषयीं आमच्या घरांत दोन मतें आहेत, आणि त्या दिवशीं गाडींतही दोन झालीं. परंतु थंड हवेच्या यंत्राखालीं बसून "अजून किती राहिलें?" असें विचारणारा माझा सात वर्षांचा मुलगा पुढचे वीस-पंचवीस मिनिटें गप्प होता, एवढें खरें.

नाशिक ते सुरगाणें सुमारें ९० किलोमीटर. दिंडोरीकडे द्राक्षांचा हंगाम भरांत होता. सुरगाणें-पेठकडचे मजूर ह्या दिवसांत बागांच्या कामाला येतात. त्यांच्या जीपगाड्या समोरून येत. थोरलीनें एका जीपमधलीं माणसें मोजायला घेतलीं आणि चौदानंतर सोडून दिलें. आमच्यांत सातांना जागा पुरत नाहीं म्हणून सकाळींच तक्रार झाली होती.

वणीजवळ उजव्या हाताला सप्तशृंग आणि मार्कंड्या दिसूं लागले आणि त्याच बरोबर धाकट्याचा चेहरा उतरूं लागला. समृद्धीवर शत्रु होती झोप. डोंगरांत शत्रु मळमळ. डोळे पुस्तकावर किंवा पडद्यावर स्थिर आणि कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं आपण वळतों आहों. ह्या दोघांच्या भांडणांत पोट ढवळतें. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास बहुधा होत नाहीं, दोन ते बारा वर्षांच्या मुलांना फार. आणि हांकणाराला जवळजवळ कधींच नाहीं, कारण वळण केव्हां येणार हें त्याला आधीं ठाऊक असतें. उलटीची गोळी निघण्यापूर्वीं अर्धा तास द्यावी लागते, ती आम्ही विसरलों होतों. आणि ती गुंगी आणते म्हणून चालकानें तर घेऊंच नये. तेव्हां पडदा काढून घेतला, धाकट्याला मधल्या रांगेंत, समोरचा रस्ता दिसेल असें बसविलें, खिडकी उघडली, आलेपाकाची वडी दिली. आणि येणाऱ्या प्रत्येक वळणाची वर्दी त्यानें सर्वांना द्यायची, "डावें!", "उजवें!", असें काम सोंपविलें. चालकाला जें ठाऊक असतें तें मुलालाही ठाऊक व्हावें, एवढीच युक्ति. उलटी एकदांच झाली.

मग भाऊजींनीं शेवटचा प्रश्न काढला: हें पाणी कोठें जाईल? काल ओलांडलेली वर्धा अखेरीस गोदावरीलाच मिळते. दिंडोरीकडची कादवाही नांदूरमध्यमेश्वरापाशीं गोदावरींत जाते, आणि गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. पण पुढें केम डोंगरापाशीं सगळें उलटतें. तेथली गिरणा खानदेशांत जाऊन तापीला मिळते. नार आणि पार ह्या नद्या पश्चिमेला गुजराथेंत उतरून अरबी समुद्राकडे जातात. मुलांनीं प्रत्येक मोरीवर पैजा लावल्या. बोरगांवकडे रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेल्या बाईंना थोरलीनें विचारलें, "मावशी, हा ओहळ कुठं जातो?" त्या हंसून म्हणाल्या, "खाली जातो, बाई." आम्हीं दोन टोपल्या घेतल्या.

सुरगाण्याकडे वळल्यावर गुजराथची एक गाडी भेटली. तिच्याही पाटीवर १५! नाशिकचा आंकडा गुजराथला कसा, म्हणून थोरली हैराण. तो वलसाडचा, असें पुतण्यानें सांगितलें आणि पैज जिंकली.

दारांत धाकटे भाऊजी वाट पाहत उभे होते. सासूबाई उतरल्या, त्यांच्या हाताला धरून पायरीपर्यंत आल्या, जाऊबाईंनीं भाकरतुकडा ओंवाळून टाकला. त्या उंबऱ्यांत थांबल्या आणि गाडी बंद करून किल्ली खिशांत टाकणाऱ्या नातवाकडे वळून म्हणाल्या, "तुझा 'ठ' राहिला आहे."