पेपर वाचायला पैसे मागतोय? थांबा, आधी हे करून बघा

कामठीत फार्मसी शिकणारी मुलं मला हमखास एकच स्क्रीनशॉट पाठवतात: सारांश दिसतोय, पुढं कुलूप. एका पेपरचे तीस-चाळीस डॉलर! प्रोजेक्टसाठी दहा पेपर लागले तर?

आधी गूगल स्कॉलरवर पेपरचं पूर्ण नाव टाका आणि खालचं ‘ऑल व्हर्जन्स’ दाबा. बऱ्याचदा लेखकानं स्वतःची प्रत विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली असते. औषधांचा विषय असेल तर पबमेडवर ‘फ्री फुल टेक्स्ट’ फिल्टर लावा.

जे जर्नल मुळातच सगळ्यांना मोफत वाचता येतं, ते ओपन ॲक्सेस. मुंबईच्या केईएममधून १९५५ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ असंच आहे. काही जर्नल्स मात्र खर्च लेखकाकडून वसूल करतात, आणि भामटे इथंच घुसतात. ‘फी भरा, दोन दिवसांत छापतो’ असा मेल आला तर जर्नलचं नाव डीओएजेच्या यादीत शोधा.

मग सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना? जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, सुमारे १३,००० जर्नल्स. पण हे ओपन ॲक्सेस नव्हे. कुलूप तसंच आहे, किल्ली तेवढी सरकारनं विकत घेतली, आणि तीही पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठीच. खासगी कॉलेजातली पोरं बाहेरच. मला हे पटत नाही.

तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर शेवटचा उपाय: सारांशाजवळ लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहून प्रत मागा. लेखक सहसा आनंदानं पाठवतात.