स्वस्त गाव कुणाच्या जिवावर?

परवा रात्री जेवणं आटोपून ओटा पुसत होते, तोच भाच्याचा फोन आला. तो परदेशात असतो, तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. म्हणाला, "मावशी, जगभरातल्या मराठी माणसांचा मेळावा घ्यायचाय. हजार-बाराशे माणूस येईल. थंडी नको, समुद्र हवा आणि सगळ्यांना परवडलं पाहिजे. कुठे घेऊ, सांग."

आता हे विचारायला त्याला बीड जिल्ह्यातली मावशी सापडली! समुद्र राहू द्या, उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघणारी माणसं. पण मैत्रिणींनो, मनात म्हटलं, आपल्याला का कळू नये? आमच्या जिल्ह्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा पाहिले आहे. १९८३ साली अंबाजोगाईला, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर, आणि १९९८ साली परळीला, अध्यक्ष द. मा. मिरासदार. परळीला निदान रेल्वे आहे आणि वैजनाथाच्या यात्रेकरूंमुळे गावाला पाहुण्यांची सवय आहे. अंबाजोगाईचा मान मोठा. मुकुंदराजांचे, दासोपंतांचे गाव, योगेश्वरीचे ठाणे. पण गाडी तिथवर येत नाही. परळीला उतरायचे आणि पुढे पंचवीसेक किलोमीटर एस.टी.चे धक्के खात यायचे.

तेव्हा मी अंबाजोगाईत नवी सून होते. एवढ्या माणसांना पुरतील इतके लॉज गावात कुठले? आमच्या वाड्यात सात पाहुणे उतरले. सासूबाईंनी शेजारपाजारहून गाद्या गोळा केल्या. पहाटे चारला बंब पेटवायचा, सातला पोहे, मग भाकऱ्यांची चवड, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दुपारचा चहा, की पुन्हा रात्रीचं. 'बनगरवाडी' मी लग्नाआधी दोनदा वाचलेली. तिचा लेखक माझ्याच गावात बोलून गेला आणि मला त्याचा एक शब्द ऐकायला मिळाला नाही. भाषण वाचले ते नंतर, पाहुण्यांनी मागे टाकलेल्या वर्तमानपत्रात.

निघताना एक गृहस्थ ह्यांना म्हणाले, "अंबाजोगाई फारच स्वस्तात पडली हो!" मी दाराआड उभी होते. त्यांचे काही चुकले नव्हते, त्यांना पडलीच होती. आणि सासूबाईंपुढे तक्रार करायची तर त्या म्हणायच्या, "अगं, पावणे हायेत ते. त्यांच्याकडं का बिल मागायचं असतं?" तेही खरेच.

म्हणून भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला, "स्वस्त म्हणजे कुणाला?"

त्याच्याजवळ यादी तयार होती. विश्व मराठी साहित्य संमेलने आधी परदेशी झाली: २००९ साली सॅन होजे, २०१० साली दुबई, २०११ साली सिंगापूर. नावे ऐकूनच आमच्यासारखीने पासबुक मिटून ठेवावे. मग २०१५ साली ते पोर्ट ब्लेअरला झाले, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला. हे मला पटण्यासारखे होते. नारळ आहेत, निळा समुद्र आहे, सेल्युलर जेल आहे, आणि आपल्याला ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा. खर्च रुपयातच. पण विमान धरायचे, म्हणजे बीडची बाई आधी मुंबई नाहीतर हैदराबाद गाठणार, मग पुढचे. बोटीने जावे तर समुद्रावरच अडीच-तीन दिवस. परदेशातून येणाऱ्यांना तर तो केवढा वळसा!

"मग मॉरिशस?" भाचा म्हणाला. १९९१ साली जागतिक मराठी परिषद तिथे भरली होती. हिंदीवाल्यांनी तर १९७६ सालीच आपले विश्व संमेलन तिथे घेतले. सहलीला जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. शिवाय तिथे आपली माणसे आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून कराराने उसाच्या मळ्यांत कामाला गेलेल्यांची ती लेकरे-नातवंडे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. हे ऐकले आणि मला आमच्या जिल्ह्यातले कोयते आठवले. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि गावेच्या गावे ऊस तोडायला बाहेर पडतात. ऊस माणसाला कुठे कुठे नेतो, बाई!

आता व्यवहाराचे. उष्ण देशांत हॉटेलचे दर एकदम खाली आलेले दिसले, की हुरळून जाऊ नये. का उतरले ते विचारावे. मॉरिशसला साधारण जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. अंदमानात पाऊस मे महिन्यात येतो आणि बरेच महिने मुक्काम ठोकतो. खोल्या निम्म्या दरात मिळाल्या आणि विमानच उडाले नाही, तर ती बचत कसली?

दुसरे, करार नीट वाचावा. बऱ्याच खोल्या घेतल्या की मोठी हॉटेले सभागृहाचे भाडे सोडतात, काही खोल्या फुकटही देतात. पण ठरल्याहून कमी खोल्या भरल्या तर रिकाम्या खोल्यांचे पैसे मंडळाच्या बोकांडी बसतात. आपण लग्नाला पानाचा दर ठरवतो, तेव्हा केटरर नाही का म्हणत, "कमीत कमी पाचशे पाने धरणार"? तसेच हे. म्हणून आकडा धरताना हात आखडता धरावा. येतो म्हणणारे सगळे येतात, असे निदान मी तरी कुठल्या कार्यात पाहिलेले नाही.

आणि हिशेब मांडायचा तो सर्वांत लांबून येणाऱ्या, सर्वांत बेताच्या ऐपतीच्या माणसाचा. घराच्या दारापासून सभागृहापर्यंत आणि परत. त्यात तिची बुडालेली रजा धरा, दोघींत एक खोली धरा, वाटेतला चहासुद्धा धरा. ज्या गावी ही बेरीज कमी येईल ते गाव स्वस्त. समुद्र असो वा नसो.

भाचा मध्येच उत्साहाने म्हणाला, "मावशी, मॉरिशसच्या मराठी कुटुंबांत थोड्यांची सोय होईल. घरगुती जेवण, खर्च वाचेल."

मी म्हटले, "त्या घरातल्या बायकांना विचारलंस?"

पलीकडे शांतता.

"विचार. हो म्हणाल्या तर पाहुणे रात्री झोपायला पाठव. जेवणं मंडपात, पैसे देऊन आचारी लावून. आणि त्यांच्यासाठी सभागृहात पुढच्या दोन रांगा राखून ठेव, चिठ्ठी चिकटवून. नाहीतर कुणीतरी टोपी ठेवून जागा अडवतो."

तो हसला. म्हणाला, "सगळं लिहून घेतो. पण तू येशील ना?"

गुडघ्यांची आठवण झाली, पासबुकाचीही झाली. ह्यांच्याकडे पाहिले तर हे पेपरात डोके घालून ऐकून न ऐकल्यासारखे करत होते.

मी विचारले, "आचारी नक्की ना?"

"नक्की."

"मग तारीख कळव," म्हटले आणि ओटा पुसायचा राहिला होता तो पुसला.