प्रथिनाचा सातबारा

जमिनीची चौकशी करायची तर आपण आधी सातबारा काढतो. प्रथिनाची चौकशी करायची तर जगभरचे जीवशास्त्रज्ञ युनिप्रॉट हा प्रथिनांचा माहितीसंग्रह उघडतात. शोधाच्या चौकटीत पी६८८७१ एवढा गट क्रमांक टाका, की माणसाच्या हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी समोर येते. लांबी १४७ अमिनो आम्ले. काम : फुप्फुसांतला प्राणवायू शरीरभर पोहोचवणे. हे तर शाळेतच शिकलो होतो. पण त्याखालची नोंद वाचून मी थबकलो. याच साखळीचा एक लहानसा तुकडा, एलव्हीव्ही-हिमॉर्फिन-७, ब्रॅडिकायनिन या शरीरातल्या द्रव्याचा जोर वाढवून रक्तदाब उतरवतो. हमालाने फावल्या वेळात वैद्यकी करावी, तशातला प्रकार!

उताऱ्यात फेरफारही नोंदवलेले आहेत. सातव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की सिकलसेलचा आजार; विदर्भात आणि नंदुरबारच्या पाड्यांवर हे नाव कुणाला नवीन नाही. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये हा बदल दाखवून दिला. जुन्या पुस्तकांत मात्र ही जागा सहावी आहे. चूक कुणाचीच नाही. साखळी विणताना पेशी सुरुवातीला एक मेथिओनिन घालते आणि नंतर ते काढून टाकते. युनिप्रॉट तेही मोजते, जुनी मंडळी मोजत नसत.

कामाच्या नोंदीइतकाच मोलाचा असतो तिच्या शेजारी दिलेला पुरावा. कुणी प्रयोग करून पाहिला, की भावकीतल्या दुसऱ्या प्रथिनावरून अंदाज बांधला, हे तिथे कळते. अमोस बैरोक यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या स्विस-प्रॉट या युनिप्रॉटच्या विभागात तज्ज्ञ शोधनिबंध वाचून नोंदी करतात; त्या आज पावणेसहा लाखांच्या आसपास आहेत. ट्रेंबल या दुसऱ्या विभागात संगणकाने भरलेल्या कोट्यवधी. संगणकाचा हिशेब सरळ असतो : साखळी सारखी, म्हणजे कामही सारखे. बहुतेकदा तो जुळतोही.

पण नेहमी नाही. आपल्या अश्रूंतले लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडते. दुधातले अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन त्याच भावकीतले, ठेवणही तीच. मात्र भिंत फोडणे त्याला जमत नाही, ते दुधातली साखर तयार करायला हातभार लावते. पी६१६२६ आणि पी००७०९ हे दोन उतारे शेजारी-शेजारी ठेवून पाहा.