दर बुधवार आणि कार्तिकातला शेवटचा सोमवार

बंगळूरच्या बसवनगुडीत नॅशनल कॉलेजात दर बुधवारी संध्याकाळी विज्ञानाचं व्याख्यान असतं. गांधीवादी भौतिकशास्त्रज्ञ एच. नरसिंहय्या यांनी १९६२ साली सुरू केलेल्या बेंगळुरू सायन्स फोरमचा हा शिरस्ता. तिथून जवळच, दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी, दरवर्षी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते: कडलेकाई परिषे. तिचा दिवसही ठरलेला, कार्तिकातला शेवटचा सोमवार. मात्र हे दोन दिवस मित्रमंडळींच्या सामायिक ऑनलाइन कॅलेंडरात टाकायला बसलं की एक चुटकीसरशी बसतो आणि दुसरा काही केल्या बसत नाही.

बुधवारचं काम सोपं. कॅलेंडर वर्षभराच्या बावन्न नोंदी साठवत नाही. एकच नोंद आणि तिच्यासोबत ‘दर आठवड्याला, बुधवारी’ हा नियम ठेवतं. हा नियम कसा लिहायचा ते आयकॅलेंडर नावाच्या मानकाने १९९८ साली ठरवलं, २००९ साली त्यात सुधारणा झाली. म्हणूनच गूगलवर केलेली नोंद ॲपलच्या फोनलाही कळते. नोंदीत वेळेबरोबर जागेचं नावही असतं, आपल्याकडे ‘एशिया/कोलकाता’. त्यामुळे इथले संध्याकाळचे सहा न्यू जर्सीतल्या मुलीला हिवाळ्यात सकाळी साडेसात आणि उन्हाळ्यात साडेआठ असे आपोआप दिसतात.

प्रत्येक नोंदीला जगात दुसऱ्या कुणाचा नसेल असा एक ओळखक्रमांक मिळतो, शिवाय एक आवृत्तीक्रमांक. सभागृह बदललं की ओळख तीच राहते, आवृत्ती वाढते. तुमचा फोन नवी नोंद वेगळी न धरता जुनीच दुरुस्त करतो. दोन चिटणीसांनी एकाच वेळी बदल केले तर? कॅलेंडर सामायिक करण्याच्या २००७ च्या कॅलडॅव्ह पद्धतीत सर्व्हर प्रत्येक आवृत्तीला खूण देतो. जुनी खूण घेऊन कुणी बदल पाठवला तर सर्व्हर तो नाकारू शकतो, आणि आधीच्याची दुरुस्ती पुसली जात नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रिकेच्या फोटोला यातलं काहीच नसतं. कार्यक्रम पुढे ढकलला तरी जुना फोटो फिरतच राहतो आणि माणसं बंद दारापाशी येऊन उभी राहतात.

आता परिषे. २०२३ मध्ये ती ११ डिसेंबरला आली, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४ मध्ये २५ नोव्हेंबर, २०२५ मध्ये १७ नोव्हेंबर. ‘नोव्हेंबरचा अमुक सोमवार’ या नियमात हे मावत नाही. ग्रेगोरियनखेरीज इतर कालगणनांचे नियम लिहिण्याची सोय २०१५ च्या एका पुरवणी मानकाने केली. चिनी, हिब्रू पंचांगांतले अधिक महिनेही तिच्यात बसतात. पण संगणकांच्या सामायिक यादीत ‘भारतीय’ म्हणून जी दिनदर्शिका आहे ती १९५७ साली स्वीकारलेली राष्ट्रीय सौर शक दिनदर्शिका. तिथी आणि अधिक मास तिच्यात नाहीत. घरोघरी भिंतीवर कालनिर्णय १९७३ पासून जे सांगत आलं, ते सांगणारा नियम या यादीच्या आधारे फोनला देता येत नाही, आणि ही उणीव भारतीय अभियंत्यांनीच भरून काढायला हवी असं माझं ठाम मत आहे. तोवर उपाय एकच: जाणत्या माणसाने पंचांग पाहून दरवर्षी तारीख घालायची आणि बाकीच्यांनी त्या कॅलेंडरचे वर्गणीदार व्हायचं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून परिषेचा सोमवार ७ डिसेंबर.

कॅलेंडरसारखेच फोनमधले संपर्कही वाटले जातात, पण त्यांची गोष्ट वेगळी. कार्यक्रमाची तारीख आयोजकाची असते, ती त्याने वाटावी. फोन नंबर ज्याचा त्याचा असतो. एखाद्या ॲपला ‘कॉन्टॅक्ट्स’ची सरसकट परवानगी दिली की आपल्यासोबत शेजारच्या आजी, डॉक्टर, दूधवाले अशा सगळ्यांचे नंबर जाऊ शकतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. तालमीची वेळ ठरवायला तरी कुणाची सगळी दैनंदिनी कशाला हवी? ‘मोकळा’ की ‘व्यग्र’ एवढंच दाखवण्याची सोय आयकॅलेंडर मानकातच आहे.

तेव्हा भजनी मंडळं, महिला मंडळं, गणेशोत्सव समित्या यांच्या चिटणीसांना विनंती: यंदा कार्यक्रमपत्रिकेच्या फोटोखाली कॅलेंडरची लिंकही द्या. बदल करण्याचा अधिकार दोघांकडेच ठेवा, बाकीच्यांना फक्त पाहू द्या. आणि सभासदांच्या नंबरांची यादी त्या लिंकमध्ये घालू नका.